स्वयंचलित दरवाजे

राधानगरीच्या धरणाला सात दरवाजे आहेत.
कुणी चावी फिरवत नाही, कुणी हुकूम सोडत नाही.
पाणी ठरल्या रेषेला टेकलं
की आपसूक उघडतात.
आमच्या कोल्हापुरात अशा दिवसांत माणसं
एकमेकांची तब्येत विचारत नाहीत,
"किती उघडले?" विचारतात.

मला त्या दरवाजांचा हेवा वाटतो.

चौतीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात नर्स होते.
रात्री दोनला उठून सहा नंबरच्या खाटेचं इंजेक्शन,
डॉक्टरांचं किरटं अक्षर, तरी चूक नाही.
आज्ञा पाळणं मला कुणी शिकवू नये,
असं महिला मंडळात बोलूनही दाखवलं होतं.

तेव्हा प्रार्थनेत मागायचे:
प्रभू, तुझी इच्छा मला दाखव.
आणि मनात एक नकाशा आधीच उलगडलेला असायचा.
मेळघाट, नाहीतर आणखी लांब,
कंदील, पायवाट, माझी पांढरी साडी,
निरोप समारंभात पाळकसाहेबांचे चार शब्द.
देवाने फक्त सही करायची होती.

मंगळवारी राजाराम बंधाऱ्यावर पाणी त्रेचाळीस फुटांवर गेलं.
पहाटे चारला पाळकसाहेबांचा फोन.
"सिस्टर, शाहूपुरीत कुंभार गल्लीत पाणी शिरलंय.
प्रिसिलाबाई शाळेच्या वर्गात बसून आहेत, गुडघा सुजलाय.
तुमचं घर राजारामपुरीत, उंचावर..."
पुढचं वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं.
त्यांना ठाऊक होतं. अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं.

अकरा वर्षं.
दानीएलदादाच्या मूठमातीच्या दिवशी,
माझ्या सख्ख्या भावाच्या,
वहिनीने मला शेवटच्या बाकावर बसवलं होतं.
तेव्हापासून प्रभुभोजनाला ती उजवीकडून पुढे जाते,
मी डावीकडून.
एकाच भाकरीचे तुकडे, दोघींनी न चावता गिळलेले.

मी गुडघे टेकले. खरं सांगते,
विनवायला नाही, वाद घालायला.
म्हटलं, दुसरं कुणीही सांग.
वेडा सांग, शिव्या देणारा सांग,
जखमेत अळ्या पडलेला सांग,
धुतल्यात मी तसल्या.
उत्तर आलं नाही.
बाहेर पन्हळ गळत होती,
आणि गप्प राहायची त्याची ती जुनी पद्धत.
मग आठवलं, मुलगा असून त्यालाही
बागेत रात्रभर शिकावंच लागलं होतं,
एकच धडा, तीनदा.

उठले. देवावरच्या प्रेमाने उठले म्हणू नका.
छत्री शोधली.
रिक्षावाल्याने दुप्पट मागितले, दिले.

वर्गात पाढ्यांच्या तक्त्याखाली बसली होती ती,
मांडीवर स्टीलचा डबा घट्ट धरून.
मला बघून म्हणाली,
"तू व्हय? मला वाटलं दुसरं कोण येतंय."
मी म्हटलं, "मलाही तसंच वाटलं होतं."

घरी आणून तिचे पाय मी धुतले नाहीत.
प्रवचनात ते शोभतं.
तिचे तिनेच धुतले, मोरीभर चिखल करून.
मी फडकं घेतलं. पुसलं. परत पुसलं.
वर म्हणते, "रश्शात मीठ कमी पडलंय गं."

आज पाचवा दिवस.
प्रेम वगैरे आलेलं नाही.
रात्री दोनला मात्र जाग येते, सवयीने.
उठते, तिच्या गुडघ्याला शेक देते.
चार्ट नाही, कुणाची सही नाही.
काल अंधारातच तिने डबा उघडला.
आत दादाचं मनगटी घड्याळ, बंद पडलेलं.
"तुझ्याकडं राहू दे," म्हणाली.
मी घेतलं नाही.
अजून नाही.

सकाळी पेपर मोठ्याने वाचून दाखवला,
तिचा चष्मा पुरात गेलाय.
पाणी उतरतंय. सहा दरवाजे मिटले.
तीन नंबरचा अजून उघडा आहे.
"असू दे की," ती म्हणाली,
"वाईच च्या टाक."